गोव्यात चहा पिकेल का? पिकेल, पण पुढे काय?

चहाचं झाड गोव्यात जगू शकतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सत्तरी-सांग्याकडे कुणी चहाच्या रोपाचा विषय काढला की "दार्जिलिंगचं पीक, इथे कसलं येतंय" असं म्हणून लोक मोकळे होतात. धुकं, थंडी, डोंगरउतार हे चित्र चहाच्या पाकिटांनी डोक्यात बसवलेलं. प्रत्यक्षात भारतातला निम्मा चहा आसामात होतो आणि तिथले बहुतेक मळे ब्रह्मपुत्रेच्या सपाट खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभरेक मीटरवर आहेत. श्रीलंकेतले गॉल, मातारा हे दक्षिणेकडचे जिल्हे तर थेट समुद्राला लागलेले. तिथे नारळ, दालचिनी आणि चहा शेजारी शेजारी दिसतात. त्या देशाचा अर्ध्याहून अधिक चहा ६०० मीटरच्या खालीच पिकतो आणि तो पिकवणारे बहुतेक जण एखाद-दुसऱ्या एकराचे धनी. उंचीवर पान सावकाश वाढतं, सुगंध नाजूक येतो, भाव चढा मिळतो. उंचीचा संबंध एवढाच.

चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस हे एकच झाड. काळा, हिरवा, पांढरा, ऊलाँग हे सगळे त्याच पानावर वेगवेगळे संस्कार करून झालेले प्रकार. गवती चहा किंवा तुळशीचा काढा यांचं त्याच्याशी काही नातं नाही. झाडाचे मुख्य वाण दोन: बारीक पानाचा चिनी, थंडी सोसणारा, आणि रुंद पानाचा आसामी, उष्ण-दमट हवेत रमणारा. गोव्यात लावायचा तर दुसराच. मोकळं सोडलं तर हे झाड दहा-पंधरा मीटर उंच जातं. मळ्यात दिसणारी कमरेएवढी सपाट झुडपं ही छाटणीची करामत. दर तीन-चार वर्षांनी झाड खाली आणायचं, म्हणजे ते फुलाफळाचा नाद सोडून कोवळे कोंब देत राहतं.

जमिनीच्या बाबतीत आपलं नशीब बरं आहे. चहाला आम्लधर्मी जमीन लागते, सामू (पीएच) साधारण साडेचार ते साडेपाच. गोव्याच्या जांभ्या मातीचा सामू बऱ्याच ठिकाणी पाच-सहाच्या आसपास असतो. एरवी बागायतदार हा आंबटपणा कमी करायला चुना घालतो. चहाला चुना घालायचा नाही आणि चुलीतली राखही टाकायची नाही, कारण दोन्हींमुळे सामू वर चढतो. किनाऱ्यावरची शिंपल्यांची रेती बाद, खाजनातली खारी माती बाद. सड्यावर जिथे वीतभर मातीखाली कातळ लागतो तिथेही नको, कारण चहाचं मूळ मीटर-दीड मीटर खोल जायला बघतं. आणि पाणी साचून राहिलं तर ते कुजतं. एवढं सगळं वजा केल्यावर उरते ती डोंगराच्या पायथ्याची, खोल, निचरा होणारी माती. म्हणजे जिथे आपल्या पूर्वजांनी कुळागरं (सुपारी-माडाच्या मिश्र बागा) केली, नेमकी तीच जागा.

घोडं अडतं ते पाण्यावर. आमच्या शेजारच्या बागायतदार काकांना मी चहाचं सगळं पुराण सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "उदक खंयच्यान हाडटलो रे?" (पाणी कुठून आणणार रे?) प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा होता. चहाला वर्षाकाठी १२०० ते १५०० मिलिमीटर पाऊस पुरतो. गोव्यात त्याच्या दुपटीने, ३००० मिलिमीटरच्या घरात पडतो. पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात! डिसेंबर ते मे आभाळ कोरडं. गॉल-माताऱ्यात पाऊस थोडा-फार का होईना, वर्षभर विखुरलेला असतो. तिथे आणि आपल्याकडे फरक आहे तो या विखुरण्याचा.

हिशेब करून बघू. कडक उन्हाळ्यात चहाची झुडपं आणि त्यांच्याखालची माती मिळून दिवसाला साधारण ४ मिलिमीटर पाणी हवेत सोडतात. एका चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. गोव्यात आपण जमिनीचं बोलणं चौरस मीटरमध्येच करतो, तेव्हा गणित सोपं आहे: १०० चौरस मीटरला दिवसाला ४०० लिटर, ५०० चौरस मीटरला २००० लिटर. हे महिनोन् महिने. सावली आणि पाल्याचं जाड आच्छादन असेल तर आकडा बराच खाली येतो, पण शून्यावर येत नाही. उघड्या डोंगरावर, भरडावर, काजूच्या बागेत चहा लावायचा विचार म्हणूनच सोडून द्यावा. काजू मे महिना कोरडा काढतो, चहा काढत नाही.

कुळागरात मात्र हे पाणी आहे. डोंगरातल्या झरीचं पाणी पाटाने आणायचं, सुपारीच्या आळ्यांत फिरवायचं, पाळीपाळीने शिंपण करायचं, ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. वर माड आणि माडत (सुपारीची झाडं), त्यांच्या अंगावर मिरवेल, मध्ये केळी-जायफळ, खाली अननस-हळद, आणि जमिनीवर झावळ्या-विऱ्यांचा थर. चहाला सावली हवी असते हे कळायला मळेवाल्यांना दक्षिणेत सिल्व्हर ओक आणि आसामात शिरीष लावावे लागले. आपल्याकडे ती आयती आहे. पण इथे जरा थांबा. चहाला सावली हवी ती कवडशांची. माडतांच्या दाटीत झुडूप जगेल, पण कोंब मोजकेच देईल. कुळागराच्या मध्यात चहा घालण्यापेक्षा कडेला, जिथे सकाळचं ऊन तिरपं येतं आणि पाटाचा ओलावा पोचतो, तिथे तो जास्त खूश राहतो.

कडेलाच लावायचं दुसरं कारण बोर्डो. सुपारीला पावसात कोळेरोग लागतो. त्यासाठी मोरचूद आणि चुन्याचं एक टक्का मिश्रण, म्हणजेच बोर्डो, १०० लिटर पाण्यात किलो-किलो, पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा मध्ये घोसांवर फवारतात. सेंद्रिय नियमांत तांबं मर्यादेत चालतं, त्यामुळे कुळागर सेंद्रिय म्हणून नोंदवायला हे आड येत नाही. पण वरून ठिबकलेलं ते निळं पाणी खाली चहाच्या कोंबांवर पडलं तर? सुपारी आपण सोलून खातो. चहाचं पान कुणी धूत नाही. ते वाळवलं जातं आणि तसंच कपात उतरतं. शिवाय त्यातला चुना खालच्या मातीत जाणार. म्हणून सुपारीच्या छत्राखाली चहा ही कल्पना कागदावर कितीही देखणी दिसली तरी मला ती पटत नाही.

लागवडीत फार गुंतागुंत नाही. जूनमध्ये, पाऊस धरल्यावर, वर्षभराची रोपं सव्वा मीटर ओळीत आणि पाऊण मीटर रोपांत अंतर ठेवून लावली तर १०० चौरस मीटरमध्ये शंभर-एकशेदहा बसतात. फांदीपासून केलेली रोपं एकसारखी निपजतात. बियांपासूनच्या रोपाला सोटमूळ असतं, ते कोरड्यात तग धरतं. दक्षिण भारतात यूपासी-९ हा वाण पाण्याचा ताण सोसणारा म्हणून ओळखला जातो. पहिली दोन वर्षं शेंडे खुडून झाड पसरवायचं, तिसऱ्यापासून पान घ्यायचं.

आता 'सेंद्रिय' म्हणजे काय ते बघू. पुष्कळांना वाटतं, काही फवारलं नाही की झालं सेंद्रिय. पण चहाच्या झाडाकडून आपण फळ मागत नाही, पान मागतो, आणि पान म्हणजे नत्र. तयार चहात साधारण ४ टक्के नत्र असतं. १०० चौरस मीटरमधून वर्षाला १० किलो चहा काढला (रसायनांशिवाय, बऱ्यापैकी निगा राखून एवढी अपेक्षा ठीक आहे) तर ४०० ग्रॅम नत्र त्या मातीतून कायमचं बाहेर गेलं. शेणखतात नत्र अर्धा ते एक टक्का, आणि तेही सगळं त्याच वर्षी झाडाला मिळत नाही. म्हणजे नुसती झीज भरून काढायला दरसाल शंभर-दीडशे किलो चांगलं कुजलेलं शेणखत हवं. छाटणीचा पाला तिथेच जिरवला, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला घातला तर भार हलका होतो. जीवामृताचा हल्ली फार बोलबाला आहे: १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर माती, २०० लिटर पाणी, एवढं एका एकराला. मातीतले जीव जागे करायला ते द्यावं, हरकत नाही. पण १० किलो शेणात नत्र ते किती असणार? जीवामृतावर विसंबून खत बंद केलं तर चार-पाच वर्षांत पान पिवळं पडून झाड स्वतःच सांगेल.

किडींत गोवेकराला जुनी ओळख भेटेल. काजूच्या कोवळ्या पालवीवर डाग पाडून ती करपवणारा ढेकण्या, ज्याला सगळे 'टी मॉस्किटो' म्हणतात, त्याचाच सख्खा भाऊ चहावर असतो. काजूवरचा मुख्यतः हेलोपेल्टिस अँटोनाय, चहावरचा हेलोपेल्टिस थिव्होरा. पण हे दोघे एकाच झाडापुरते राहणारे नाहीत. काजूच्या बागेला लागून चहा लावणं म्हणजे त्यांना दुसरं घर बांधून देणं. झाडावर पानं शिवून घरटी करणारे हुमले या ढेकण्यांवर तुटून पडतात, आणि सेंद्रिय बागेत त्यांच्यासारखा राखणदार नाही. फक्त पान खुडताना ते मालक-चोर असा भेद करत नाहीत. निंबोळी अर्क चालतो, ५ टक्क्यांचा, पण फवारल्यावर एक खुडणी सोडून द्यावी. कडवट वास चहाच्या पानाला लवकर लागतो.

पण सगळीच कीड वाईट नसते, आणि ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत मजेची वाटते. तैवानात 'ओरिएंटल ब्युटी' नावाचा एक महाग चहा आहे. त्याचं पान मुद्दाम तुडतुड्यांना खाऊ देतात. तुडतुडा रस शोषतो, झाड बचावासाठी काही गंधद्रव्यं तयार करतं, आणि प्रक्रियेनंतर त्याच द्रव्यांचा मधासारखा सुवास येतो. दार्जिलिंगच्या उन्हाळी बहाराच्या प्रसिद्ध सुगंधामागेही अशाच बारीक किडींचा हात आहे. जिथे कीटकनाशक फवारलं जातं तिथे तुडतुडा नाही, आणि तुडतुडा नाही तिथे हा चहाही नाही. सेंद्रियपणा थेट चवीत दिसावा, असं दुसऱ्या पिकात क्वचितच घडत असेल.

इथवर शेती झाली. खरी गोम पुढे आहे. सुपारी काढून महिनाभर पडवीत ठेवता येते, काजूबी पोत्यात भाव वाढायची वाट बघत बसते, नारळ तर विचारूच नका. चहाचं पान खुडल्या क्षणापासून बदलायला लागतं. ढिगात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने गरम होतं आणि चार-सहा तासांत मधोमध तांबडं पडून वाया जातं. ते त्याच दिवशी प्रक्रियेला लागलं पाहिजे.

भारतातल्या लहान चहा उत्पादकांचं सगळं अर्थकारण या एका गोष्टीने ठरतं. चहा मंडळाच्या व्याख्येत १०.१२ हेक्टरपर्यंतचा शेतकरी 'लहान' आणि देशातला निम्मा चहा आज अशांच्या पानातून होतो. पण त्यातले बहुतेक जण चहा बनवत नाहीत. ओलं पान विकतात. ते विकत घेणारे कारखाने वेगळे. पान उद्यापर्यंत थांबणार नाही हे दोन्ही पक्षांना ठाऊक असतं, त्यामुळे घासाघीस करायची ताकद एकाच बाजूला राहते. आणि एखाद्याने कष्टाने सेंद्रिय पान पिकवलंच, तर कारखान्यात ते शेजाऱ्याच्या फवारलेल्या पानात मिसळतं. नीलगिरीत लहान शेतकऱ्यांनी सहकारी कारखाने उभे केले ते याच अडचणीतून. गोव्यापासून पान घेणारा कारखाना गाठायचा तर चिकमगळूरू किंवा नीलगिरीकडे जावं लागेल. ओलं पान तिकडे पोचेपर्यंत त्याचं खत झालेलं असेल. तेव्हा गोव्यात चहा लावणाऱ्याने पहिल्या दिवसापासून स्वतःला शेतकरी आणि हलवाई दोन्ही समजावं. ज्याला घरी चहा बनवायचा नाही त्याने झाडाच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बनवणं कठीण नाही, वेळखाऊ आहे. कोंब खुडायचा तो अंगठा आणि बोटात धरून, हलकेच मोडून. एक मिटलेली कळी आणि खालची दोन पानं. नखाने खुडलं तर देठ काळा पडतो. टोपलीत दाबून भरायचं नाही. ताज्या पानात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, ते आधी थोडं जाऊ द्यायचं. सुपात किंवा चटईवर पातळ पसरून सावलीत बारा-चौदा तास. कोंबाचा देठ वाकवल्यावर 'कट्' न करता नुसता वाकला, मुठीत धरलेली पानं सोडल्यावर उसळली नाहीत, की झालं. मग तळव्यांनी मळायचं, एका दिशेने, दाब हळूहळू वाढवत, रस सुटून हात चिकट होईपर्यंत. पेशी फुटल्या की पानातले विकर (एन्झाइम) आणि पॉलिफेनॉल हवेच्या संगतीने एकत्र येतात. केळफूल चिरून ठेवलं की काळं पडतं, तीच ही क्रिया. पान हिरव्याचं तांबूस होत जातं, गवताचा उग्र वास जाऊन फळासारखा गोडसर येतो. दोन-तीन तासांत, तो वास टिपेला पोचला की सुकवायचं. मग पानातली ओल तीन-चार टक्क्यांवर आली पाहिजे. हा काळा चहा. हिरवा हवा असेल तर उलट चालायचं: पान आधीच गरम कढईत हलवून किंवा वाफ देऊन विकर मारून टाकायचे, मगच मळायचं आणि सुकवायचं. नवशिक्याने हिरव्यापासून सुरुवात करावी, त्यात चुकायच्या जागा कमी.

गोव्यातली पंचाईत अशी की झाड सर्वांत जास्त पान देणार पावसात, आणि पावसात हवेत इतका दमटपणा की कपडे वाळत नाहीत तर चहा काय वाळणार? आसाम-अरुणाचलातल्या सिंगफो लोकांनी यावर फार पूर्वी उत्तर काढलं. रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला १८२३ साली आसामातला रानचहा दाखवणारे हेच लोक. त्यांची रीत अशी: पान भाजायचं, उन्हात वाळवायचं, मग बांबूच्या नळकांड्यात ठासून भरायचं आणि ते नळकांडं चुलीवर धुरात ठेवून द्यायचं. चहाला धुराची चव येते आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. चुलीवरच्या माळ्यावर पावसाळ्यात वस्तू कोरड्या ठेवायची सवय आपल्याकडेही होतीच. आज मात्र सोलं आणि मसाल्यांसाठी मिळतो तो छोटा विजेचा ड्रायर घ्यावा आणि धुराची हौस एखाद्या नळकांड्यापुरती ठेवावी.

किती लावावं? साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा होतो. चौघांच्या घरात माणशी दोन कप धरले तर वर्षाला सहा-सात किलो लागतो, म्हणजे १०० चौरस मीटरमध्ये घरची गरज भागून थोडा उरतो. ५०० चौरस मीटर केले तर वर्षाला २२५ किलोच्या आसपास ओलं पान. आठ-दहा दिवसांनी एक अशा तीसेक खुडण्यांत सरासरी सात-आठ किलो प्रत्येक वेळी. नीट, निवडून खुडणाऱ्या एका माणसाचा अख्खा दिवस, आणि हाती दीड-पावणेदोन किलो चहा. याच्यापुढे जायचं तर माणसं ठेवावी लागतील, आणि माणूस मिळणं किती सोपं आहे हे सुपारीचं पाडप करून घेणाऱ्याला सांगायला नको.

विकताना 'सेंद्रिय' शब्द वापरायचा तर त्याचे नियम आहेत. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात बहुवार्षिक पिकाला तीन वर्षांचा रूपांतरकाळ काढावा लागतो आणि बाहेरचे निरीक्षक येतात; निर्यातीसाठी हाच रस्ता. देशात विकायचं तर पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धत, ही स्वस्त वाट आहे. तीत गावातल्या किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या बागा तपासतो आणि एकमेकांची हमी देतो. एकाने गुपचूप तणनाशक मारलं तर अख्ख्या गटाची मान्यता धोक्यात येते, त्यामुळे शेजाऱ्याची नजर निरीक्षकापेक्षा तीक्ष्ण राहते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनी १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या, थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्राची सक्ती ठेवलेली नाही. मात्र त्याला पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह लावता येत नाही.

चिन्हाच्या जागी खुडणीचा महिना, वाडा आणि प्रक्रियेचा प्रकार लिहा. आणि एक सूचना ठळक छापा: दुधात उकळू नका. हाताने मळलेल्या पानाचा चहा बाजारातल्या दाणेदार (सीटीसी) चहाइतका कडक नसतो. भाजीपावाबरोबर लागणारा लालभडक चहा त्याच्याकडून होत नाही. पाण्याला उकळी आली की उतरवायचं, चमचाभर पान टाकून तीन मिनिटं झाकायचं आणि गाळायचं. हे सांगितलं नाही तर गिऱ्हाईक तो आलं-साखर घालून खळाखळा उकळणार, "पाणचट आहे हो तुमचा चहा" म्हणणार, आणि परत फिरकणार नाही.